घरासमोरची जागा आणि घराचं फाटक

प्रश्न: पुण्यातल्या आमच्या जुन्या, बंगल्यांच्या कॉलनीत समोरचा बंगला पाडून पाच मजली इमारत झाली. तेव्हापासून तिथल्या गाड्या आमच्या कंपाउंडला लागून आणि कधीकधी थेट फाटकासमोर लागतात. रस्ता सहा मीटरचा आहे. बाबांनी (वय ७६) फाटकाच्या दोन्ही बाजूंना कुंड्या मांडल्या आणि ‘नो पार्किंग’ची पाटी लावली. एका रात्री दोन कुंड्या फुटल्या. पुढच्या आठवड्यात समोरच्यांच्या एका गाडीच्या दोन चाकांतली हवा गेली. आता ते पोलिसांत जायचं म्हणतात, बाबा कोर्टात जायचं म्हणतात. चाळीस वर्षं आम्ही इथे राहतोय. आमच्या घरासमोरची जागा आमची नाही का?

उत्तर:

नाही, तुमची नाही. पण फाटक तुमचं आहे, आणि या दोन वाक्यांमध्येच तुमचं अख्खं प्रकरण आहे.

मी सव्वीस वर्षं वकिली करतोय. त्यातला निम्मा वेळ गृहनिर्माण संस्थांच्या भांडणांत गेला. पाण्याची गळती, कुत्री आणि गाड्या, हे या धंद्यातले तीन बारमाही विषय. गाड्यांच्या भांडणात माणसं दोन वेगळ्या तक्रारी एकत्र मळून आणतात, तुमच्या बाबांनीही तेच केलंय. एक तक्रार, ‘आमच्या भिंतीला लागून दुसऱ्याची गाडी का?’ दुसरी, ‘आमची गाडी बाहेर काढता येत नाही.’ पहिली मनाला जास्त लागते, म्हणून तिच्यावरच आवाज चढतो. पण कायद्यात ती जवळजवळ शून्य आहे. दुसरी तक्रार पक्की आहे, ती मात्र आरडाओरड्यात बुडून जाते.

रस्ता महापालिकेचा असेल तर त्यावर गाडी लावायचा तुमचा आणि समोरच्यांचा हक्क सारखाच आहे, म्हणजे मालकी दोघांचीही नाही. चाळीस वर्षं राहिल्याने फरक पडत नाही. ‘वीस वर्षं वापर केला की हक्क लागतो’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता हसूही येत नाही. ते १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातून अर्धवट उचललेलं आहे. शेजाऱ्याच्या जमिनीवरून जायची वाट, उजेड, पाणी अशा गोष्टींसाठी तो कायदा आहे. सार्वजनिक रस्त्याच्या कडेचा एक तुकडा रोज गाडी लावून आपल्या नावावर करता येत नाही.

फाटकाचं मात्र वेगळं. रस्त्याला लागून ज्याची जमीन आहे त्याला त्या रस्त्यावर यायचा-जायचा हक्क असतो, आणि तो अडवणाऱ्याला ‘रस्ता सरकारी आहे’ हे उत्तर पुरत नाही. मोटार वाहन कायद्याखाली केंद्राने २०१७ मध्ये वाहन चालवण्याचे विनियम काढले, त्यातही कुणाच्या जागेच्या प्रवेशद्वाराला अडथळा होईल अशी गाडी लावायला मनाई आहे. म्हणजे तुमच्या फाटकासमोर पाटी असो वा नसो, तिथे गाडी लावता येत नाही. पुणेकरांना पाट्यांचा भारी सोस, पण खरं सांगायचं तर फाटकापुरती ती पाटी अनावश्यक आहे आणि फाटकाच्या पलीकडे ती निरर्थक.

आता कुंड्या. त्या आजच उचलून आत घ्या. फुटलेल्या दोन कुंड्यांचं दुःख मला समजतं, पण सार्वजनिक रस्त्यावर ठेवलेली कुंडी, दगड, साखळी, किंवा रंगाच्या डब्यात सिमेंट ओतून उभा केलेला पाइप हे सगळं महापालिकेच्या लेखी अतिक्रमण आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात आयुक्तांना ते नोटीस न देता उचलायचा अधिकार आहे. समोरच्यांपैकी कुणी उद्या अतिक्रमण विभागाला फोन केला तर कारवाई त्यांच्या गाडीवर होणार नाही, तुमच्या तुळशीवर होईल. आणि एकदा तुमच्याविरुद्ध तशी नोंद झाली की पुढे कुठेही गेलात तरी पहिला प्रश्न तोच येईल.

कुंड्या उचलताना स्वतःच्या घराकडेही जरा परक्याच्या नजरेने बघा. फाटकातून रस्त्यावर उतरणारा सिमेंटचा उतार गटारावर किंवा पदपथावर किती बाहेर आलाय? पोर्चमध्ये गाडी मावते का, की तिथे जुना फ्रीज, सायकली आणि वर्तमानपत्रांची रद्दी आहे आणि तुमची दुसरी गाडीही रस्त्यावरच असते? माझ्याकडे एकदा एक गृहस्थ असाच दावा लावायला आले होते. मी जागेवर गेलो तर त्यांनी पोर्चला भिंत घालून तिथे विद्यार्थ्यांना खोली दिलेली. तीन मुलांच्या तीन मोटरसायकली शेजाऱ्याच्या भिंतीला टेकलेल्या. मी चहा घेतला आणि परत आलो.

टेप घेऊन रस्ता मोजा, हे मी थट्टेने म्हणत नाही. या भांडणात मापासारखा साक्षीदार नाही. साधारण मोटार पावणेदोन मीटरच्या आसपास रुंद असते. सहा मीटरच्या रस्त्यावर दोन्ही कडांना गाड्या लागल्या, आणि प्रत्येक गाडी कडेपासून थोडी सुटून लागतेच, तर मध्ये जेमतेम सव्वादोन मीटर उरतात. अग्निशमन दलाचा बंब सुमारे अडीच मीटर रुंद असतो. म्हणजे रात्री दहानंतर तुमच्या गल्लीत बंब शिरू शकत नाही. त्यांच्या पाचव्या मजल्यावर आग लागली तरी शिरू शकत नाही. हा मुद्दा समोरच्यांना तुमच्या भिंतीच्या अभिमानापेक्षा लवकर पटेल, कारण तो त्यांचा आहे.

मापातून आणखी एक गोष्ट निघेल. फाटक तीन मीटरचं असेल आणि रस्ता सहाचा, तर गाडी वळवून बाहेर काढायला समोरची कडाही मोकळी लागते. तुमच्या फाटकाच्या बरोबर समोर, पलीकडच्या कडेला लावलेली गाडी दिसायला निरपराध असते, पण ती लागली की बाबांना चारदा मागे-पुढे करावं लागतं. समोरचे म्हणतात, ‘आम्ही तुमच्या फाटकासमोर नाही, आमच्या इमारतीसमोर लावलीय.’ दोघंही खरं बोलतात. अशा वेळी खडूने रस्त्यावर वळणाची जागा आखून, त्यांच्यासमोर गाडी एकदा काढून दाखवावी. मी हे दोन-तीन कॉलन्यांत करून घेतलंय. अर्ध्या तासाची करमणूक होते, पोरं जमतात, आणि ‘इथपासून इथपर्यंत नको’ हे सगळ्यांना कळतं.

समोरच्या इमारतीत पार्किंग नाही का, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. पार्किंग दाखवल्याशिवाय इमारतीचा नकाशा मंजूर होत नाही. मग गाड्या बाहेर का? माझ्या पाहण्यात याची तीन कारणं येतात. पहिलं म्हणजे एकावर एक गाड्या ठेवणारी यांत्रिक व्यवस्था. कागदावर जागा दुप्पट होते, पण वरची गाडी काढायला खालच्याला उठवावं लागतं, वीज गेली की सगळंच अडकतं, आणि सहा महिन्यांत लोक कंटाळून रस्त्यावर गाड्या लावायला लागतात. दुसरं, स्टिल्टमधल्या, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या, मोकळ्या जागेत कुणीतरी गोडाऊन किंवा कार्यालय थाटलेलं असतं. तिसरं, बिल्डरने चार जणांना दोन-दोन जागा ‘विकलेल्या’ असतात आणि बाकीच्यांना काहीच नाही.

तिसरं कारण असेल तर त्यांना एक गोष्ट सांगा. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या मुंबईतल्या प्रकरणात स्पष्ट केलंय की स्टिल्टमधली किंवा उघडी पार्किंगची जागा म्हणजे गॅरेज नव्हे, ती बिल्डरला सदनिकेसारखी वेगळी विकता येत नाही. ती सामाईक जागा आहे. तिचं वाटप संस्थेने करायचं. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये (म्हणजे नमुना नियमावलीत) त्याची रीतही दिलेली आहे. साधारणपणे एका सभासदाला एकच जागा. उरली तर दुसरी, तीही वर्षावर्षाने आणि दुसऱ्या कुणाला गरज नसेल तरच. गाड्या जास्त आणि जागा कमी असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकायच्या. ज्या इमारतीत हे नियम पाळले जातात तिथून रस्त्यावर येणाऱ्या गाड्या कमी होतात, इतकं साधं आहे. अलीकडच्या नव्या प्रकल्पांसाठी महारेराने, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, एप्रिल २०२४ मध्ये बिल्डरांना आदेशच दिलाय की आच्छादित पार्किंगचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची आणि नेमकी जागा वाटपपत्रात आणि करारात लिहायची. ‘खांब आडवा येतो, गाडी बसतच नाही’ अशा तक्रारींतून ते आलं.

दुसरं कारण असेल, म्हणजे पार्किंगमध्ये दुकान किंवा गोदाम, तर तुमच्या हातात खरं हत्यार आहे. माहिती अधिकारात दहा रुपयांचं तिकीट लावून महापालिकेच्या बांधकाम विभागाकडे त्या इमारतीचा मंजूर नकाशा मागा. नकाशात पार्किंगच्या जागा मोजा, प्रत्यक्षात मोजा. पण मिळालेला नकाशा हातात ठेवा, तक्रारीसाठी लगेच वापरू नका. त्या इमारतीतल्या ज्यांना पार्किंग मिळालेलं नाही ते लोक तुमचे शत्रू नाहीत, उलट तेच तुमचे पहिले साथीदार. रस्त्यावर गाडी लावून रोज सकाळी आरशाला ओरखडा आहे का ते बघणाऱ्या माणसाला आत जागा मिळाली तर नकोय का?

आता हवेचं. तुमच्या पत्रात ‘हवा गेली’ असं क्रियापद आहे. ती कुणी सोडली हे मी विचारत नाही. बाबांनी सोडली असेल तर यापुढे एकदाही नाही, हे त्यांना तुम्हीच समजवा, वकिलाकडून ऐकायला लावू नका. दुसऱ्याच्या मालमत्तेचं मुद्दाम नुकसान करणं किंवा तिची उपयुक्तता कमी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ खाली अपराध होऊ शकतो, शिक्षा सहा महिन्यांपर्यंत. प्रत्यक्षात पोलीस ठाण्यात अदखलपात्र नोंद होईल, म्हणजे ज्याला आपण ‘एनसी’ म्हणतो ते. त्या कागदावर तेवढ्यापुरतं फार काही घडत नाही. पण अशा दोन-तीन एनसी साठल्या की पोलीस दोन्ही बाजूंना शांतता राखण्याच्या हमीसाठी बोलावतात, ‘चॅप्टर केस’. गंमत म्हणजे न्याय संहितेत वाट अडवण्याचं कलम १२६ आहे आणि नागरिक सुरक्षा संहितेत शांततेच्या हमीचं कलमही १२६च. गाडीवरून सुरू झालेलं भांडण कधीकधी दोन्ही एकशे सव्वीसांतून जातं. ७६ वर्षांच्या माणसाने हमीपत्र द्यायला चकरा मारणं मला बघवत नाही, आणि मी ते बघितलेलं आहे.

कुणी फाटकासमोर गाडी लावून गेलाच तर काय? आधी मालकाला फोन. समोरच्या सोसायटीच्या सचिवाकडे गाड्यांच्या क्रमांकांची आणि मोबाइलची यादी असतेच, ती तुम्हीही मागून ठेवा. पंधरा-वीस मिनिटांत कुणी आलं नाही तर वाहतूक शाखेला किंवा ११२ ला कळवा. फोटो काढायचा तो असा, की गाडीची नंबरप्लेट आणि तुमचं फाटक दोन्ही एकाच चौकटीत येतील. नुसत्या नंबरप्लेटचा फोटो काहीच सिद्ध करत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ खाली मनाईच्या जागी लावलेली गाडी पोलीस उचलून नेऊ शकतात. सार्वजनिक जागी दहा तास किंवा अधिक काळ सोडून दिलेलीही उचलता येते, म्हणजे गल्लीच्या तोंडाशी जी धूळ खात पडलेली जुनी गाडी असेल (प्रत्येक गल्लीत एक असतेच) तिचीही सोय या कलमात आहे. क्रेन लगेच येईल असं मी सांगणार नाही. पण तक्रारींच्या नोंदी तारखेवार राहिल्या की पुढच्या प्रत्येक पायरीवर त्या कामाला येतात.

हे फोटो कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र टाकू नका. तिथे दोन घरांच्या भांडणाचे चाळीस घरांत दोन पक्ष व्हायला एक रात्र पुरते.

तुमच्यासारख्या गल्लीला कायमचा उपाय साधारण एकच असतो, आणि तो दोन्ही बाजूंनी मिळून मागावा लागतो. रस्त्याच्या एकाच कडेला पार्किंग. पुण्याला हे नवं नाही. सम तारखेला एक बाजू आणि विषमला दुसरी, म्हणजे पी-वन पी-टू, हे आपल्याकडे पोरांनाही माहीत असतं. पार्किंगची आणि मनाईची ठिकाणं ठरवायचे अधिकार मोटार वाहन कायद्याने दिलेत, आणि शहरात वाहतूक पोलीस त्यासाठी आदेश काढतात. पुण्यात बहुधा आधी तात्पुरता आदेश निघतो, हरकती-सूचना मागवतात, मग तो कायम होतो. तुमच्या आणि समोरच्यांच्या सह्यांचा एक अर्ज करा. सोबत रस्त्याच्या मापांचा हाताने काढलेला नकाशा, फाटकांच्या जागा आणि रात्री अकराचे फोटो जोडा. एकट्या तुमच्या सहीचा अर्ज ‘शेजाऱ्यांचं भांडण’ म्हणून बाजूला पडतो. दोन्हीकडच्या पंचवीस सह्या असल्या की तो ‘नागरिकांची मागणी’ होतो. मला हा फरक पटत नाही, पण तो आहे. आदेशाची वाट न बघता कॉलनीने स्वतःहून हीच पद्धत सुरू केली तरी चालतं. सक्ती करता येणार नाही, पण लाज वाटते, आणि गल्लीत लाज बरंच काम करते.

सह्या मिळवायला बोलावं लागेल. इथे माझी एक चूक सांगतो. वकिलीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी अशाच प्रकरणात मी समोरच्या माणसाला नोटीस पाठवली. इंग्रजीत, तीन पानी, सगळी कलमं घालून. मला ती फार आवडली होती. त्या माणसाने ती गल्लीतल्या प्रत्येकाला दाखवली आणि म्हणाला, ‘बघा, मी गुन्हेगार.’ तोवर तो फाटकासमोर महिन्यातून एखाद्या वेळी गाडी लावायचा. नोटिशीनंतर रोज लावायला लागला, फाटकापासून बरोबर एक फूट सोडून. दावा तीन वर्षं चालला. शेवटी माझ्या अशिलाने घर विकलं. ते भांडण नोटिशीने सुटलं नसतंच, पण नोटिशीने ते बिघडलं हे नक्की.

म्हणून बाबांना नका पाठवू, तुम्ही जा. रविवारी सकाळी, भांडण झालेल्या दिवशी नव्हे. सोसायटीच्या अध्यक्षाकडे नाही, ज्याची हवा गेली त्याच्या घरी. ‘तुमच्या गाडीचं झालं ते चुकीचं होतं’ एवढं म्हणा. कुणी केलं हे कबूल करायची गरज नाही, पण चुकीचं होतं हे म्हणायला काय हरकत? मग फाटकाचं सांगा. भिंतीबद्दल एक शब्द नको. तो भाडेकरू असेल, मुलगा असेल, कंपनीचा चालक असेल. गाडी लावणारा आणि घराचा मालक एकच असतो असं समजू नका. निम्म्या वेळा ज्याच्याशी महिनाभर भांडण चालू होतं त्याला फाटकाच्या अडचणीची कल्पनाच नसते.

आणि बाबांशीही बोला. त्यांना नक्की कशाची भीती आहे? एका आजोबांकडे गाडीच नव्हती, तरी ते फाटकासमोर खुर्ची टाकून बसायचे. बायकोला दोनदा रात्री रुग्णालयात न्यावं लागलं होतं आणि रुग्णवाहिका गल्लीच्या टोकाला थांबली होती. हे शेजाऱ्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, कारण आजोबा फक्त ‘माझी जागा’ म्हणायचे. कळल्यावर समोरच्या चार मुलांनी आपसांत ठरवलं, रात्री तिथे काहीच लावायचं नाही.

कोर्टाचं म्हणाल तर फाटक वारंवार अडवलं जात असेल तर दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागता येतो आणि फोटो, तारखा, मापं असतील तर तो मिळण्यासारखा असतो. पण त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून, म्हणजे दावा लावण्याआधीच, जा. फी लागत नाही, आणि लोकअदालतीत झालेल्या तडजोडीला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचंच बळ असतं. समोर बसून लिहून घेतलेलं ‘फाटकापासून दोन्हीकडे दीड-दीड मीटर आणि समोरची कडा मोकळी’ हे एक वाक्य तीन वर्षांच्या दाव्यापेक्षा मला जास्त मोलाचं वाटतं.

शासन काही करेल का, असंही लोक विचारतात. पार्किंगला जागा नसेल तर एकाच कुटुंबाला चार-पाच गाड्या घेऊ देऊ नयेत असं मत मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये एका सुनावणीत मांडलं होतं, आणि पार्किंगचा दाखला नसेल तर नव्या गाडीची नोंदणी नाही अशी घोषणा परिवहन मंत्र्यांनी मे २०२५ मध्ये केली. जपानात असा दाखला १९६२ च्या कायद्यापासून आहे. पण आपल्याकडच्या त्या घोषणेच्या भरवशावर तुम्ही बसू नका.

एक गोष्ट राहिली, आणि तिच्यामुळे वरचं बरंच काही बदलू शकतं. तुमच्यासारख्या जुन्या प्लॉटधारकांच्या संस्थांमध्ये आतले रस्ते कधीकधी महापालिकेकडे गेलेलेच नसतात, कागदावर अजून संस्थेचेच असतात. पालिकेने डांबर टाकलं आणि दिवे लावले म्हणजे रस्ता तिचा झाला असं नाही. मंजूर रेखांकन आणि मालमत्ता पत्रक काढून बघा, क्षेत्रीय कार्यालयाच्या पथ विभागात विचारा. रस्ता संस्थेचा निघाला तर पार्किंग कुठे आणि कुणाला, हे तुमची सर्वसाधारण सभा ठरवू शकते, आणि सभासदाचं पटलं नाही तर वाद सहकार न्यायालयात जातो. मात्र जनतेला खुला असलेला रस्ता खासगी असला तरी मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने सार्वजनिक ठिकाण ठरू शकतो, त्यामुळे ‘हे आतलं आहे, तुमचं तुम्ही बघा’ असं पोलीस म्हणाले तर तिथेच थांबू नका. कागद हातात आले की मला परत लिहा. बंगला पाडताना समोरच्यांनी संस्थेची परवानगी कोणत्या अटींवर घेतली होती, तेही त्या फाइलमध्ये शोधून ठेवा.